घर नवं आहे, पण शिडी कुठे लावायची?

या खेपेच्या पत्रांत एकच ओळ वेगवेगळ्या तोंडांनी भेटली: ‘देखभाल जवळपास शून्य’. कुणी तसं घर घ्यायला निघालंय, कुणी त्यात राहून वैतागलंय, आणि एकांना तर स्वतःचं घर विकण्यासाठी ती ओळ हवी आहे. सदरात नव्याने आलेल्यांसाठी सांगते, मी वास्तुरचनाकार नाही. लोक घर विकत घेण्याआधी ते तपासून देणं हा माझा व्यवसाय. घर दिसायला कसं आहे यावर माझं मत असतंच, पण त्याचे पैसे मला कुणी देत नाही. मला पैसे मिळतात ते गच्चीवर उकिडवं बसून नळीत टॉर्च मारण्याचे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो. दोन मुलं आहेत आणि सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. सध्याच्या जुन्या घराच्या डागडुजीत आमच्या सगळ्या सुट्ट्या जातात. शहराच्या मध्यवस्तीला लागूनच्या उपनगरात अरुंद प्लॉटवरचं एक तीन मजली घर विकायला निघालंय. सपाट छत, मोठमोठ्या काचा, करड्या भिंती, मागे फरसबंद अंगण. जाहिरातीत म्हटलंय, ‘आधुनिक, कुटुंबासाठी योग्य, देखभाल जवळपास शून्य’. घर सगळ्यांना आवडलंय. एजंट घाई करतोय. बघायला अर्धा तास मिळणार आहे, तेवढ्यात काय काय बघू?

अर्धा तास पुष्कळ झाला, फक्त त्यातला बराचसा वेळ स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी घालवू नका. ओटा छान असणारच. विकाऊ घरात सगळ्यात जास्त हौस तिथेच केलेली असते, आणि पुढे कधी बदलायची झाली तर सगळ्यात सोपी गोष्टही तीच. घरात जे काही बिघडेल तिथे माणसाचा हात पोचतो का, एवढंच बघत हिंडा. बिघडत नाही असं घर मी पाहिलेलं नाही. कमी देखभालीचं घर म्हणजे तोडफोड न करता दुरुस्त होणारं घर, अशी माझी साधी व्याख्या आहे.

आत जायच्या आधी घराला बाहेरून फेरी मारा. मारता येते का, इथूनच सुरुवात. मध्यवस्तीजवळच्या अरुंद प्लॉटची खरी मेख घराच्या बाजूंना असते. शेजारच्या भिंतीपर्यंत किती जागा सोडली आहे? खांदा तिरका करून जावं लागत असेल तर तिथे शिडी उभी राहणार नाही. शिडीचा साधा नियम असा की चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर हवा. तुमची तीन मजली भिंत नऊ मीटर उंच धरली तर शिडीचा पाय भिंतीपासून सव्वादोन मीटर लांब यायला पाहिजे, आणि तेवढ्या अंतरावर शेजाऱ्यांचा दिवाणखाना असतो. मग त्या भिंतीला तडा गेला, रंग उडाला, पाइप निसटला, तर माणूस छतावरून दोराला लटकवायचा किंवा शेजाऱ्यांच्या आवारात परांची बांधायची. म्हणून विचारा की दुरुस्तीसाठी शेजारच्या जागेतून जाण्याचा हक्क कागदपत्रांत लिहिलेला आहे का. ‘शेजारी फार चांगले आहेत हो’ हे त्याचं उत्तर नव्हे. चांगले शेजारीसुद्धा घर विकून जातात. त्याच बोळात एसीची बाहेरची पेटी किंवा सांडपाण्याचे पाइप लावलेले असतील, तर तिथे माणूस कसा काम करतो हे एजंटला प्रत्यक्ष दाखवायला सांगा. मी सांगते. बहुतेक जण अर्ध्या वाटेवरून परत फिरतात.

मग छत. वर जायला दार आहे, झडप आहे, की काहीच नाही? ‘वर जायची गरजच पडत नाही’ असं उत्तर आलं तर ते वहीत लिहून ठेवा, वाटाघाटीत उपयोगी पडेल. वर गेलात की आधी उतार बघा. सपाट छत नावापुरतंच सपाट असावं लागतं. शंभराला एक असा उतार म्हटला तरी पाच मीटर लांबीत पाच सेंटीमीटरचा फरक पडायला हवा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी साचून वाळलं की गोल कडांचे डाग उरतात, ते दिसतात. बाटलीभर पाणी ओता आणि ते कुणीकडे जातं ते बघत उभे राहा. एजंटला विचित्र वाटेल. वाटू दे.

पाणी बाहेर जायला भोकं किती आहेत ते मोजा. एकच असेल तर एक पान आणि थोडी माती पुरे आहे. पन्नास चौरस मीटरच्या छतावर दहा सेंटीमीटर पाणी तुंबलं की पाच टन वजन झालं. म्हणून निदान दोन निचरे हवेत, आणि त्याशिवाय कठड्याला थोड्या उंचीवर एक आरपार भोक हवं, म्हणजे खालचं बुजलं तर पाणी तिथून बाहेर पडेल आणि अंगणातल्या माणसाला कळेल की वर काहीतरी अडलंय. छत आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात नको, गोलसर हवा. गवंडी त्याला वाटा म्हणतात. वॉटरप्रूफिंगचा थर तिथेच न संपता कठड्यावर निदान पंधरा सेंटीमीटर चढलेला असावा. छतं मधोमध क्वचित गळतात, गळतात ती या काठावर आणि नळीच्या तोंडाशी.

सपाट छताचं आधुनिक घर आणि गळती यांची सोयरीक जुनी आहे. पॅरिसजवळच्या प्वासी गावात ल कॉर्ब्युझिए या नामवंत वास्तुरचनाकाराने सावोय कुटुंबासाठी बांधलेला बंगला १९३१ मध्ये पुरा झाला. आज तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि जगभरचे विद्यार्थी तिथे वही घेऊन जातात. पण तिथे राहणाऱ्या सावोयबाई वास्तुरचनाकाराला पत्रांवर पत्रं पाठवत होत्या, की प्रवेशदालनात पाऊस पडतो, उतारवाटेवर पडतो, न्हाणीघरातही पडतो. मोठं नाव छताला पुरत नाही, छताला उतारच लागतो.

आता छज्जे. तुमच्या घराच्या वर्णनात ते कुठे दिसले नाहीत. या पद्धतीची घरं बहुधा सरळसोट खोक्यासारखी असतात. खिडकीवर काही नाही, छताची कड भिंतीच्या बाहेर नाही. दिसायला नीटस दिसतं. पण भिंतीवर पडणारं सगळं पाणी मग खिडकीच्या सांध्यांवरून वाहत खाली येतं, आणि घर कोरडं राहणं पूर्णपणे एका रबरी पट्टीच्या भरवशावर येतं. याची मोठी किंमत दोन देशांनी मोजली आहे. कॅनडात व्हँकुव्हरच्या भागात १९८० आणि ९० च्या दशकांत, आणि न्यूझीलंडमध्ये मुख्यतः १९९० च्या दशकात, छज्जे नसलेली, बाहेरून एकसंध गिलाव्याने बंद केलेली, आतून लाकडी सांगाड्याची घरं भराभर उभी राहिली. बारीक फटींतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती. बाहेरून घर नवंकोरं आणि आत खांब कुजत होते. न्यूझीलंडच्या संसदेने या घरांचे दावे सोडवायला २००२ मध्ये वेगळा कायदा केला. तुमचं घर काँक्रीटचं असेल तर लाकूड कुजण्याचं भय नाही, ओल आणि बुरशीचं आहेच. खिडकीवर छज्जा असेल तर त्याच्या खालच्या बाजूला, कडेच्या किंचित आत, बोटभर खाच असायला हवी. पाणी तिथे अडून खाली टपकतं. खाच नसली तर ते पोटाखालून सरकत थेट भिंतीवर जातं.

मोठ्या काचांपाशी थोडं थांबा. ॲल्युमिनियम उष्णतेने काँक्रीटच्या साधारण दुप्पट वाढतं. तीन मीटर लांबीची चौकट पहाट ते भर दुपार या काळात चाळीस अंशांनी तापली, आणि गडद रंगाची चौकट उन्हात सहज तापते, तर ती जवळजवळ तीन मिलीमीटर लांब होते. शेजारची भिंत तेवढ्याच फरकाला दीड मिलीमीटरही वाढत नाही. मधला फरक रोजच्या रोज कोण सोसतं? सिलिकॉनची ती पट्टी. अंगठ्याने दाबून बघा. मऊ असेल आणि परत वर येत असेल तर ठीक. कडक झाली असेल, एका कडेने सुटली असेल, तर आज ना उद्या ओल येणारच. मग सरकत्या दाराच्या खालच्या रुळात पेलाभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूच्या छोट्या भोकांतून घराबाहेर गेलं पाहिजे. पुष्कळ घरांत ही भोकं रंगाने किंवा सिमेंटने बुजलेली असतात, आणि सगळं पाणी आतल्या लाकडी जमिनीखाली जातं. वरच्या मजल्यावरची काच आतून पुसता येते का, हेही बघा. पुसता येत नसेल तर तो खर्च आयुष्यभर तुमच्या मागे आहे.

बाथरूममध्ये टाइलची चकाकी बघू नका, छटा बघा. मध्यंतरी मी एक घर तपासलं. पाच-सहा वर्षांचं, एकदम झकपक. मुलांच्या बाथरूममध्ये नळाच्या डाव्या हाताला चार टाइल उरलेल्या भिंतीपेक्षा किंचित पिवळसर होत्या आणि त्यांच्यामधला ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरतात तो लेप, जरा पांढरा. एवढंच. मालक म्हणाले, काही नाही हो, किरकोळ काम होतं. आम्ही त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे कपडे ठेवायचं कपाट होतं. त्याचा सगळ्यात खालचा खण काढल्यावर मागच्या प्लायवर भाकरीएवढा काळा डाग निघाला, आणि हात लावला तर ओला. भिंतीत गाडलेला एक जोड गळत होता. तो एकदा फोडून दुरुस्त केला होता, टाइल मिळतीजुळती लावली होती, आणि जोड पुन्हा भिंतीतच गाडला होता. तिथे भिंतीत उघडता येणारी एक वीतभर झडप ठेवली असती तर प्रश्न मिटला असता, पण झडप दिसायला वाईट दिसते म्हणे.

तेव्हा विचारा की प्रत्येक बाथरूमचं पाणी वेगळं बंद करता येतं का आणि त्याचा कॉक कुठे आहे. भिंतीत लपवलेली फ्लशची टाकी असेल तर बटणांची पट्टी काढून आत हात घालता येतो, नीट बसवलेल्या टाकीत आतले सगळे भाग तिथूनच बदलता येतात. पट्टी काढून दाखवा म्हणा. फॉल्स सीलिंगला झडप कुठे आहे? नसेल तर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची पहिली गळती तुमच्या जेवणाच्या टेबलावर कळेल.

सासूबाईंचं राहिलंच. तळमजल्यावर झोपायची खोली आणि पूर्ण न्हाणीघर, दोन्ही आहेत का? तीन मजली अरुंद घरात तळमजला बहुतेकदा गाडी खाऊन टाकते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला जिना येतो. एजंट म्हणेल, पुढेमागे लिफ्ट बसवता येईल. येईल की. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी सर्व्हिसिंगला माणूस येईल, आणि जाहिरातीतली ती ओळ तिथेच खोडावी लागेल.

एजंटच्या घाईचं फार मनावर घेऊ नका, ते त्याचं काम आहे. करारात एवढंच घालून घ्या की स्वतंत्र तपासणीत मोठा दोष निघाला तर तुम्हाला मागे फिरता येईल. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर दुसरी फेरी मारा. तुमच्या जागी मी असते तर छतावर जायला पक्की वाट आणि बाजूच्या बोळात माणूस काम करू शकेल एवढी जागा, या दोन गोष्टी असल्यावरच पुढचं बोलले असते. ओटा, काचा, करडा रंग, सगळं नंतर.

प्रश्न : घराचं नूतनीकरण चालू आहे. नवऱ्याला बाहेरून-आतून उघडं काँक्रीट हवंय. म्हणतो, रंग नाही, गिलावा नाही, म्हणजे पुढे काही करायलाच नको. मला ते अर्धवट राहिलेल्या पुलासारखं वाटतं. कुणाचं ऐकायचं?

नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही, काँक्रीटच्या भांडणात पडते. आतल्या भिंतींपुरतं त्यांचं बरोबर आहे. आत ऊन-पाऊस नाही, तेव्हा उघडं काँक्रीट धूळ न धरणारा एक पारदर्शक हात मारला की वर्षानुवर्षं तसंच राहतं.

बाहेर मात्र गोष्ट वेगळी. आतली सळई गंजत नाही त्याचं कारण ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, सामू (pH) साडेबारा-तेराच्या आसपास. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि तो सामू नऊच्या खाली आणतो. सामू उतरलेल्या भागाची सीमारेषा सळईपर्यंत पोचली आणि सोबत ओल असली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो आणि तुकडे खाली पडतात. आता यातली खोच बघा. ही सीमारेषा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते. म्हणजे सळईवर वीस मिलीमीटर काँक्रीट असेल त्याऐवजी दहाच मिलीमीटर ठेवलं, तर संरक्षण निम्मं होत नाही, चौथाई होतं. चाळीस वर्षं टिकणारी गोष्ट दहा वर्षांत संपते. गिलावा आणि रंग या हवेला थोडं अडवून धरतात. उघड्या काँक्रीटला तो आधारही नाही, त्यामुळे सळईवरचं झाकण जाड आणि काँक्रीट घट्ट असणं तिथे जास्तच महत्त्वाचं. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, सुताराने आणि ओतलेलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर धरणाऱ्या मजुराने त्या दिवशी काम कसं केलं, यावर तुमच्या बाहेरच्या भिंतीचं आयुष्य ठरतं.

आणि ‘पुढे काही करायलाच नको’ हे तर खरंच नाही. पाणी झिरपू न देणारा सिलेनसारखा थर उघड्या काँक्रीटला काही वर्षांच्या अंतराने पुन्हा द्यावा लागतो. तो दिला नाही तर खिडक्यांच्या कोपऱ्यांखाली काळे ओघळ उतरतात, आणि ते रंगाच्या एका हाताने झाकायची सोय तुम्ही स्वतःच घालवलेली असते. त्यांना म्हणावं, सळईवर किती झाकण ठेवणार हे नकाशावर लिहून घ्या आणि ओतण्याच्या दिवशी स्वतः हजर राहा. तेवढं करणार असतील तर मान्य करा. नाहीतर आत काँक्रीट, बाहेर रंग.

प्रश्न : काळी चकचकीत फरशी ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून सुचवली आहे. घेऊ का?

फरशी टिकेल, व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) असेल तर अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. पण काळ्या चकचकीत फरशीवर प्रत्येक पाऊल, केस आणि थेंब दिसतो, आणि ओली झाली की घसरते. मध्यम छटेची, मंद, थोडी ठिपकेदार घ्या. सांध्यांत बाथरूमपुरता तरी सिमेंटऐवजी इपॉक्सी या रेझिनचा ग्राउट भरा, टाइल कधीच मळत नाही, मळतो तो मधला सिमेंटचा ग्राउट.

प्रश्न : आमच्या नव्या घराच्या मागे सहा बाय चार मीटरचं अंगण आहे. बिल्डरने अर्ध्या भागात फरशी आणि अर्ध्यात कृत्रिम हिरवळ घातली आहे. पाणी घालायला नको, कापायला नको. मुलं मात्र उन्हात तिथे जात नाहीत आणि पावसानंतर वास येतो. आमचं काही चुकतंय का?

मुलांचं अजिबात चुकत नाही. प्लॅस्टिकची हिरवळ कडक उन्हात साठ अंशांच्याही वर तापते. खरं गवत पाणी उडवून स्वतःला थंड ठेवतं, याला ते जमत नाही. आणि वासाचं कारण बहुतेक खालचा थर. पात्यांच्या बुडाशी धूळ, सडलेली पानं आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांची शी-शू साचते. खाली खडीचा निचरा होणारा थर न घालता नुसत्या काँक्रीटवर अंथरली असेल तर ते सगळं तिथेच भिजत पडतं. एक कोपरा उचला. खाली काँक्रीट दिसलं तर धुऊन काही साधणार नाही, काढून टाका.

त्याजागी माती घाला. घाबरू नका, मी लॉन लावा म्हणत नाहीये. लॉन हा सगळ्यात जास्त काम मागणारा प्रकार आहे. तुमच्या हवेत आपसूक वाढणारी चार-पाच चिवट झुडपं आणि मधल्या जागेत जमिनीसरशी पसरणारी एखादी वेल, त्यावर लाकडाच्या चिपाट्यांचा बोटभर जाड थर. पहिलं वर्ष पाणी घालावं लागेल. नंतर वर्षातून दोनदा कात्री. मातीचा दुसरा फायदा असा की पाऊस तिथे जिरतो. सगळं फरसबंद केलं की तेच पाणी दाराकडे वळतं.

दाराचं निघालंच आहे तर आत्ताच बघा. अंगण आणि घराची जमीन एकाच पातळीत आहेत का? हल्ली तशी फॅशन आहे, काच सरकवली की आत-बाहेर एकच. दिसतं फार देखणं. पण मग दारासमोर लांबीभर जाळीची पन्हळ हवी, तिची जाळी उचलता यायला हवी, आणि ती पावसाळी नाल्याला जोडलेली हवी. पन्हळ नसेल तर अंगण निदान पंधरा सेंटीमीटर खाली असलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी नुसतीच पन्हळ असते, पुढे कुठे जात नाही. बादलीभर पाणी ओतलं की कळतं.

प्रश्न : घर घेतानाच छतावर सौर पॅनेल बसवलेले मिळणार आहेत. जमेची बाजू ना?

पॅनेल जमेचे, खालचं वॉटरप्रूफिंग कधीचं ते विचारा. पॅनेलना साधारण पंचवीस वर्षांची हमी असते, इन्व्हर्टर त्याच्या बऱ्याच आधी बदलावा लागतो, आणि डांबरी थराचं वॉटरप्रूफिंग बहुधा पंधरा-वीस वर्षांत नवं करावं लागतं. जुन्या थरावर नवे पॅनेल बसवले असतील तर मधेच सगळे उतरवून परत चढवायची मजुरी तुमच्या माथी. शिवाय पॅनेलच्या सांगाड्याचे पाय कसे रोवले आहेत ते बघा. थराला भोकं पाडून बोल्ट मारले असतील तर प्रत्येक बोल्ट ही गळतीची एक जागा. नुसत्या वजनावर टेकवलेले असतील तर उत्तम, फक्त एवढं वजन आणि वारा छताच्या हिशेबात धरला होता का, हे कागदावर मागा.

प्रश्न : मी प्रश्न उलट बाजूने विचारतोय. मुलं परगावी गेली, घर मोठं वाटतं, विकायला काढलंय. बारा वर्षांचं आहे, आधुनिक पद्धतीचं, मध्यवस्तीजवळ. वेळच्या वेळी सगळी कामं केली आहेत. एजंट जाहिरातीत ‘देखभालमुक्त घर’ लिहू म्हणतो. मला ते पटत नाही, पण तो म्हणतो त्याशिवाय कुणी फोन करणार नाही.

फोन करतील हो. पण कोणते लोक करतील याचा विचार करा. ‘देखभालमुक्त’ वाचून आलेला माणूस पहिल्याच फेरीत खिडकीखालचा पोपडा बघतो आणि किंमत पाडायला लागतो, कारण तुम्ही त्याला शून्य सांगितलेलं असतं. तुमच्याकडे त्यापेक्षा चांगला माल आहे, बारा वर्षांच्या पावत्या.

एक साधी फाइल करा. छताचं वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी केलं, कोणत्या थराचं, हमी किती आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का. बाहेरचा रंग कधी दिला. खिडक्यांच्या सांध्यांचं सिलिकॉन कधी बदललं. पंप, गीझर, इन्व्हर्टर यांच्या खरेदीच्या तारखा. घरातल्या गळत्या, हो, झालेल्या गळत्यासुद्धा, त्यांचं कारण काय निघालं आणि काय केलं. भिंतीत पाइप आणि वायरी गाडताना कुणी फोटो काढले असतील तर ते या फाइलीतलं सोनं समजा, नव्या मालकाला खिळा ठोकताना दर वेळी उपयोगी पडतील. उरलेल्या टाइलचा खोका माळ्यावर असेल तर तोही घरासोबत द्या आणि यादीत लिहा. रंगाच्या डब्यावरचा छटेचा क्रमांक टिपून ठेवा. प्रत्येक बाथरूमचा पाण्याचा कॉक कुठे आहे ते एका कागदावर चितारा.

मी तपासणीला जाते तेव्हा अशी फाइल समोर आली की माझं काम अर्ध्यावर येतं, आणि खरं सांगते, अहवालातली भाषाही बदलते. ‘छताची स्थिती समजू शकली नाही’ असं लिहावं लागत नाही. ते एक वाक्य वाचून किती खरेदीदार बिचकतात, हे तुमच्या एजंटलाही चांगलं ठाऊक असेल.

जाहिरातीत सरळ लिहा: ‘बारा वर्षं जुनं. छत अमुक साली नव्याने केलेलं, वर जायला पक्का जिना. सर्व दुरुस्त्यांची नोंद पाहायला मिळेल.’ आणि दाखवायच्या आधी दोन कामं मात्र उरका. निचऱ्याची तोंडं साफ करा, आणि खिडक्यांच्या रुळातली भोकं टाचणीने मोकळी करा. भिंतीला ओल असेल तर विकण्यापुरता रंगाचा हात देऊ नका. ताज्या रंगाचा वास नाकात बसलेला माणूस पहिलं तेच विचारतो, आणि ओलाव्याचं मीटर रंगाआडूनही आकडा दाखवतं. त्यापेक्षा कारण शोधून दुरुस्त करा, पावती फाइलीत लावा. ते होणार नसेल तर डाग आहे तसा ठेवा आणि अंदाजे खर्च विचारून त्याचा कागद शेजारी ठेवा. एजंटने तरी हट्ट धरला तर त्याला सांगा, शब्द तुमचा, सही माझी.